तळाची गाजरं

माझ्या सासूबाईंना सगळे लख्खबाई म्हणायचे. हे नाव कुणी चिडवायला ठेवलं होतं की कौतुकानं, ते त्यांना माहीत नव्हतं आणि दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्यांना चालणार होतं. भांडं घासून झालं की त्या ते उजेडाकडे धरायच्या, कडेकडेनं फिरवायच्या आणि म्हणायच्या, "लख्ख." दारापुढची फरशी धुतली, लख्ख. माझा नवरा दाढी करून आला, लख्ख. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्याआधी माझी नखं बघितली. बोलल्या काहीच नाहीत. संध्याकाळी माझ्या उशाशी नेलकटर ठेवलेला होता.

आमचं पटायचं नाही असं कुणी म्हणू नये. पटायचं, पण थोडं लांबून. मी शिवणाच्या कारखान्यात काजं करते. दिवसभर शर्टाच्या पट्टीवर बटणांची भोकं पाडायची आणि कडा शिवायच्या. सासूबाई हौदावर कामाला. दोघी दमून घरी यायच्या आणि भांडायला ताकद लागते. माझा नवरा मालाचा ट्रक चालवतो. तो घरात कमी आणि फोनवर जास्त असतो.

हौद म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच आलं. गावाबाहेरच्या शेतांतून गाजरं, मुळे, बीट गाड्या भरभरून येतात, तीही चिखलानं अशी माखलेली की गाजर कुठलं आणि ढेकूळ कुठलं ते कळू नये. बाजारात असा माल कोण घेणार? म्हणून तो आधी हौदावर येतो. सिमेंटचे लांबलचक हौद, त्यांत कालव्याचं पाणी. सकाळी पाणी भरायचं, संध्याकाळी सोडायचं. बायका गुडघाभर पाण्यात उतरून पायांनी गाजरं घुसळतात आणि पोत्याच्या तुकड्यानं चोळतात. मग टोपल्या भरून बाहेर, वरून नळीच्या पाण्याचा फवारा, की गाजरं अशी झळकायला लागतात की कच्चीच खावीशी वाटतात. दुपारपर्यंत हौदातलं पाणी गडद चहासारखं होतं. तरी त्यातून निघणारं गाजर लालबुंदच निघतं. सासूबाईंना याचा केवढा अभिमान होता!

सासरे गेले तेव्हा माझा नवरा कडेवर होता. सासूबाई हौदावर काम मागायला गेल्या. तिथला तेव्हाचा मुकादम म्हणाला, "ही बाई चिखल बघून नाक मुरडतेय. दुपारच्या आत पळेल." सासूबाई पळाल्या नाहीत. त्यांनी त्याच मुकादमाला पुढं रिटायर होताना बघितलं, त्याच्या जागी आलेल्यालाही बघितलं. व्यापारी विचारायचे, "लख्खबाईच्या हौदातला माल आहे का?" हे वाक्य त्या घरी येऊन आम्हाला तीनतीनदा ऐकवायच्या, आणि प्रत्येक वेळी व्यापाऱ्याचा आवाज काढून. पाण्यात उभं राहून राहून त्यांच्या पायांना भेगा पडल्या होत्या आणि हातांची कातडी पांढरट, सुरकुतलेली झाली होती, जशी आपली खूप वेळ कपडे धुतल्यावर होते तशी. त्यांची ती कायमचीच तशी होती.

घरातला संडास त्यांनीच बांधून घेतला. गल्लीत तेव्हा कुणाकडेच नव्हता. लोक मागच्या रिकाम्या जागेत जायचे आणि त्याच जागेत त्यांची पोरं खेळायची. सासूबाईंनी नवऱ्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, असं धारेवर धरलं की त्यानं दोन वर्षं नवी चप्पल घेतली नाही, पण संडास झाला. मग पाहुणे आले की चहाच्या आधी संडास दाखवायच्या. "आत जाऊन बघा तरी," म्हणायच्या. पाहुणे बिचारे बघून यायचे. टाकी भरली की उपसणारा टँकर यायचा, तेव्हाही त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, की एक थेंब गल्लीत सांडता कामा नये. टँकर निघाला की फिनेल टाकून रस्ता धुवायच्या. टँकर पुढं कुठं जातो ते आम्ही कधी विचारलं नाही. घाण गेली, विषय संपला.

मग आमची मुलगी झाली. एका जागी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

भिंगरी माझी कमी आणि आजीची जास्त होती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मी कारखान्यातून येईपर्यंत तिची बालवाडी सुटून, शेजारच्या काकूंकडे थोडा वेळ जाऊन, आजी घरी आलेली असायची. तिला उकळलेलं पाणी. तिला वेगळी चप्पल, घरातली आणि बाहेरची. मातीत खेळायचं नाही. गल्लीतली पोरं चिखलाचे लाडू करत बसायची आणि भिंगरी ओट्यावर उभी राहून त्यांना बघायची. मला कधीकधी वाईट वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, "बघू दे. बघून कुणी आजारी पडत नाही."

जेवायच्या आधी दोघींचा एक खेळ असायचा. आजी म्हणायची, "दाखव हात." भिंगरी दोन्ही तळवे पुढं करायची. आजी पालथे करून नखं बघायची, उलटे करून रेषा बघायची आणि म्हणायची, "लख्ख." मग भिंगरीची पाळी. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आजी, तू दाखव." आजी आपले ते पांढरट सुरकुतलेले हात पुढं करायची. भिंगरी नाक जवळ नेऊन बघायची आणि म्हणायची, "नाही. परत." रोज. एकदाही तिनं आजीला पहिल्यांदा पास केलं नाही. आजी पुटपुटत मोरीत जायची, पुन्हा साबण लावायची, पुन्हा येऊन उभी राहायची. तेव्हा कुठं भिंगरी म्हणायची, "लख्ख." मी भात थंड होतोय म्हणून ओरडायचे.

आणि आजीची पिशवी. संध्याकाळी हौदाचं बूच काढलं की पाणी जातं आणि तळाला गाळ राहतो. त्या गाळात मोडकी गाजरं, तुटलेले शेंडे अडकलेले असतात. हा माल विकत नाहीत. बायका तो घरी नेतात, मुकादम काही बोलत नाही. सासूबाई त्यातले बारीक शेंडे वेचायच्या, ते गोड असतात म्हणून. घरी येऊन दारातच भिंगरीला एक द्यायच्या. कमरेला खोचलेलं फडकं काढायच्या, शेंडा त्यावर पुसायच्या, टोक स्वतः चावून थुंकायच्या आणि उरलेला तिच्या हातात. भिंगरी कर्रकर्र खायची.

हात धुऊन घेणारी बाई, नखं बघणारी बाई, पाणी उकळणारी बाई. तिनं तो शेंडा कधी पुन्हा धुतला नाही. मीही नाही. गाजर तर दिवसभर पाण्यातच होतं. हौदावरच्या कुठल्याही बाईच्या डोक्यात ते आलं नसतं. धुणं हेच तिचं काम. तिनं धुतलेलं घरी आणून परत काय धुवायचं? विकायच्या मालावर शेवटी नळीचं पाणी तरी पडायचं. तळाच्या मालावर तेही नाही, कारण तो घरचा.

बालवाडीत वर्षातून दोनदा जंताची गोळी द्यायचे. बाईंनी दारात येऊन सांगितलं की भिंगरीलाही उद्या देणार आहोत. सासूबाई फरशी पुसत होत्या. न उठताच म्हणाल्या, "आमच्या पोरीला कशाला? ज्यांच्या घरात घाण त्यांच्या पोटात किडे. त्यांना द्या दोन-दोन." बाई म्हणाल्या, "अहो आजी, सगळ्यांनाच देतात." "सगळ्यांना द्या. हिला नको." बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. समोरची शेजारीण ऐकत होती, तिचं तोंड एवढंसं झालं. तिच्या पोरांनी गोळ्या घेतल्या.

नंतर भिंगरीचं पोट मोठं दिसायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, खातंपितं पोर आहे. हातपाय मात्र बारीकच राहिले. अधूनमधून बेंबीपाशी दुखतं म्हणायची, तेव्हा ओवा देऊन भागायचं. झोपेत दात खायची. कधी जेवायची, कधी ताट सरकवायची. एक दिवस कारखान्यात माझा फोन वाजला, समोरच्या शेजारणीचा होता. "लवकर या," एवढंच म्हणाली.

मी पोचले तेव्हा सासूबाई भिंगरीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं होतं. ओकून ओकून पोर गळून गेली होती. शेजारी परात होती आणि परातीवर ताट झाकलेलं. मी ताट उचललं. खाली ओकारीत एक लांब, फिकट किडा होता, गांडुळासारखा, अजून हलत होता. मी ताट परत ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "शेजारणीला दिसायला नको म्हणून झाकलं." हे त्या तेव्हा बोलल्या, आणि मला तेव्हा ते बरोबरही वाटलं. नंतर या वाक्याचा मला इतका राग आला की एवढा मला आयुष्यात कशाचाच आला नसेल.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला. आतड्यात जंतांचा गुंता होऊन वाट बंद झाली होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "जंताचं औषध शेवटचं कधी दिलं होतं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

ऑपरेशन झालं. आतडं एका जागी सडून फुटलं होतं, विष अंगात पसरलं होतं. दोन दिवस आमचा जीव टांगणीला लागला होता. नवरा ट्रक रस्त्यात दुसऱ्याच्या ताब्यात देऊन आला. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी गेली. डॉक्टर बाहेर येऊन सांगत होते आणि मी त्यांच्या शर्टाचं वरून दुसरं काज बघत होते, त्याचा दोरा सुटला होता. असं का झालं माहीत नाही. मला काहीच झालं नाही. लोक म्हणाले, हिला रडवा, नाहीतर हाय खाईल. मी रडले नाही, हायही खाल्ली नाही. घरी आले, आलेल्यांना पाणी दिलं, पेले विसळले.

नंतरचे दिवस कसे गेले ते विचारलं तर सांगता यायचं नाही. गेले. मी कामावर गेले, काजं केली. नवरा आठ-दहा दिवस राहिला, कोपऱ्यात बसून राहिला आणि एका सकाळी ट्रकवर परत गेला. मी त्याला थांबवलं नाही. सासूबाई हौदावर जायला लागल्या. संध्याकाळी आम्ही दोघी जेवायला बसायचो. भात, आमटी, ताटाचा आवाज. त्या भांडी अजूनही तितकीच घासायच्या, पण उजेडाकडे धरायच्या नाहीत. तो शब्द घरातून गेला होता.

एका सुट्टीच्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. जंतानं पोर दगावलं म्हणून चौकशी करायची असते म्हणे. दमलेल्या दिसत होत्या, पण बोलायला नीट होत्या. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली आणि सासूबाईंनी एकेक उत्तर दिलं.

"संडास आहे?"

"आहे. गल्लीत पहिला आमचा."

"पोर मातीत खेळायची? माती खायची?"

"नाही."

"पाणी?"

"उकळून."

"जेवायच्या आधी हात?"

"साबणानं. नखंसुद्धा मी बघायची."

पूर्वी ही उत्तरं देताना त्यांची मान वर झाली असती. आता त्या पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं बोलत होत्या. नर्सबाईंना काही थांग लागेना. शेवटी त्या म्हणाल्या, "मावशी, तुमच्या घरात तर काहीच सापडत नाही हो." सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या.

तेव्हा नर्सबाईंची नजर दारामागच्या खिळ्याकडे गेली. तिथं सासूबाईंची पिशवी लटकलेली होती, त्या दिवसापासून कुणी हात न लावलेली. त्यातून सुरकुतलेले शेंडे डोकावत होते. त्यांनी पिशवी बोटानं जरा उघडली. "हे काय?"

"आई हौदावरून आणायच्या. पोरीला कच्चे आवडायचे."

"धुऊन द्यायचात?"

"धुतलेलेच असतात," मी म्हणाले.

नर्सबाई गप्प राहिल्या. चहा घेतला, कपात बघत राहिल्या. मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले तेव्हा त्या थांबल्या. म्हणाल्या, "ताई, नक्की असं कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या गाजरांच्या शेतात टँकर जातात. संडासाच्या टाक्या उपसतात ना, ते सगळं तिथं ओततात, खत म्हणून. जंताची अंडी त्या मातीत राहतात, डोळ्याला दिसत नाहीत, चिकट असतात, नुसत्या पाण्यानं निघत नाहीत. आणि तुमच्या हौदात दिवसभराची माती तळाला बसते." मग जरा थांबून, "शिजवलं की मरतात. कच्चं खाल्लं की पोटात जातात. त्यात गोळी मिळाली नाही."

मी ऐकलं. आमचा टँकर आठवला, त्याच्यामागचा फिनेलनं धुतलेला रस्ता आठवला. मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"हौदावरच्या सगळ्याच बायका ते शेंडे घरी नेत असणार," नर्सबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे पोरं आहेत. मी मागं एकदा तिथं गोळ्यांचं सांगायला गेले होते, मुकादमानं फाटकातूनच परत पाठवलं. बायका तुमच्या सासूबाईंचं ऐकतील. पण त्यांना हे कुणी सांगायचं, ते तुम्हीच बघा."

घरी आले तर सासूबाई कप धूत होत्या. "काय म्हणत होती?"

"काही नाही. गोळीचं."

"हं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पिशवी खिळ्याला नव्हती. मला वाटलं, कामावर नेली. काळजावर दगड ठेवून की सवयीनं, कुणास ठाऊक.

आता लोकांना वाटेल, मी त्यांची दया येऊन गप्प बसले. तसं नव्हतं. मी ते वाक्य राखून ठेवलं होतं. मशीनवर बसले की मनात घोळवायचे. तुम्ही दिलंत. तुम्ही पुसून, स्वतःच्या हातानं दिलंत. किडासुद्धा झाकून ठेवलात. कधी आज बोलू वाटायचं, कधी वाटायचं, नवरा येऊ दे, त्याच्यासमोर बोलू. त्यांच्या तोंडावर ते एकदाच फेकायचं होतं आणि पुरेपूर लागायला हवं होतं. माझ्यात दुसरं काही शिल्लक नव्हतं, तेवढं एक वाक्य होतं. ते बोलून टाकलं तर मग काय उरणार याची भीतीही वाटायची. आणि तोवर हौदावरच्या बायकांची पोरं शेंडे खात असणार, हे मला माहीत होतं. माहीत होतं, पण आत पोचत नव्हतं.

ते पोचलं एका संध्याकाळी. हौदावरची एक बाई आमच्याच गल्लीत राहते, तिचं तोंड दिवसभर चालू असतं म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणतात. मी कामावरून येत होते. रेडिओची नात त्यांच्या उंबऱ्यावर बसून गाजराचा शेंडा चोखत होती. दीड-दोन वर्षांची असेल. मी वाकून तो शेंडा तिच्या हातातून काढून घेतला. तिनं भोकाड पसरलं. आतून तिची आई धावत आली आणि मला काय काय बोलली. मी शेंडा मुठीत धरून तशीच घरी गेले. रात्रभर त्याचा वास हाताला येत होता.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून लवकर सुटले आणि हौदावर गेले. इतकी वर्षं मी या घरात, पण तिथं कधी गेले नव्हते. ठरवलं होतं, सगळ्या बायकांसमोर बोलायचं. लख्खबाईच्या हौदावर उभं राहून बोलायचं.

पाणी सोडायची वेळ होती. बाकीचे हौद रिकामे होत होते. बायका मात्र आपापल्या रिकाम्या पिशव्या घेऊन एका बाजूला घोळका करून उभ्या होत्या आणि कुरकुरत होत्या. सासूबाई एकट्या हौदात होत्या. त्यांच्या हातात फावडं होतं. तळाचा गाळ, त्यातले शेंडे, मोडकी गाजरं, सगळं एकत्र ओढून त्या गटाराच्या खड्ड्यात ढकलत होत्या. एका हौदातलं झालं की काठ धरून वर यायच्या आणि पुढच्यात उतरायच्या.

मुकादम वर उभा राहून म्हणत होता, "अहो मावशी, फुकटचं आहे, नेऊ द्या की त्यांना. तुमचं काय जातंय?"

त्या फावडं ओढतच राहिल्या.

रेडिओनं मला ओळखलं. "अगं, तू आलीस ते बरं झालं. घरी ने हिला. नात गेली तेव्हापासून डोकं फिरलंय हिचं. आधी म्हणायची, शिजवून खा. आता शेंडा न्यायलाच देत नाही, पिशव्या उलट्या करते आमच्या. काल मी कमरेला लपवून चार नेले, तेवढेच."

"का नेऊ देत नाहीत?" मी विचारलं.

"काहीही बोलते गं. म्हणते, माझी नात यानंच गेली." रेडिओचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्हणते, मी माझ्या हातानं पुसून दिलं, मीच मारली तिला. गोळीसुद्धा मीच देऊ दिली नाही म्हणते. आल्यागेल्या प्रत्येकीला सांगते. व्यापाऱ्यांनासुद्धा सांगितलं. असं बोलतं का कुणी? आम्ही म्हटलं, दुःखानं बोलतेय, बोलू दे."

मी तिथंच उभी राहिले. माझं वाक्य सगळ्यांना सांगून झालं होतं. माझ्यापेक्षा नीट सांगून झालं होतं.

सासूबाईंनी शेवटच्या हौदातून फावडं बाहेर टाकलं आणि मग मला बघितलं. वर आल्या, नळाखाली पाय धुतले, फडक्यानं पुसले. आम्ही घराकडे निघालो. रस्ता बराच लांब आहे. अर्ध्यावर आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नर्सबाई पिशवीकडे बघत होती. मी काय आंधळी आहे? चहा ठेवून आतल्या दारामागं उभी होते, तू 'धुतलेलेच असतात' म्हणालीस तेव्हा. ती एकदम गप्प झाली ना, तेव्हाच समजले." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "मग दवाखान्यात जाऊन तिला विचारलं. तिनं सांगितलं सगळं, तुला सांगितलंय तेही. पिशवी जाळली."

"सगळ्यांना सांगितलंत. मला नाही."

"तुला कुठल्या तोंडानं सांगू? तुला माहीत होतं, ते मला ठाऊक होतं. वाटायचं, आज बोलेल. रोज वाटायचं. बोलली असतीस तर बरं झालं असतं गं पोरी."

मी चालत राहिले. मला त्यांची दया आली असंही नाही. राग होता तिथं नुसती जागा राहिली होती आणि चालताना ती जाणवत होती.

घरी आलो. मी भात लावला, आमटी गरम केली. सासूबाई मोरीत गेल्या, साबणाचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला. मी ताटं मांडत होते. मागं वळले तर त्या माझ्यासमोर उभ्या होत्या, दोन्ही तळवे पुढं केलेले. इतक्या दिवसांत त्यांनी असं केलं नव्हतं. पांढरट, सुरकुतलेले हात, नखं तळाशी कापलेली.

मी बघितलं. पालथे करून बघितलं, उलटे करून बघितलं. स्वच्छ होते. पूर्वीही स्वच्छच होते.

"नाही," मी म्हणाले. "परत."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या आणि मोरीत गेल्या. पुन्हा साबण, पुन्हा पाणी. खूप वेळ पाणी. पुन्हा येऊन त्या उभ्या राहिल्या, हात पुढं करून. बोटांवरून थेंब फरशीवर पडत होते.

मला तो शब्द काढायला फार कष्ट पडले.

"लख्ख," मी म्हणाले, आणि आम्ही जेवायला बसलो.